जुना सप्लाय

मार्तंड निसळ विजेच्या सबस्टेशनातून निवृत्त झाले, पण केडगावातल्या त्यांच्या गल्लीने ती निवृत्ती काही मान्य केली नाही. कुणाचा फ्यूज उडाला, कुणाची पाण्याची मोटर जळाली, की लोक वायरमनला फोन करायच्या आधी निसळकाकांच्या दारात यायचे. काकाही टेस्टर खिशाला लावून लगेच निघायचे. स्वतःच्या घराचं सगळं वायरिंग त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं.

त्यांची मुलगी मनवा इतर बाबतींत वडिलांशी भरपूर भांडायची. इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडून तिने थ्रीडीचं काम शिकायला घेतलं, तेव्हा बापलेकीत कितीतरी दिवस अबोला होता. आईच्या, म्हणजे शोभाताईंच्या मार्फत निरोप जायचे. पण विजेची गोष्ट निघाली की वाद नसायचा. तिथे बाबा सांगतील ते खरं. लहानपणी इस्त्रीचा शॉक बसून ती पिनेला हात लावायला घाबरायची, तेव्हा त्यांनीच तिचा हात हातात धरून तिच्याकडून बटण दाबून घेतलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात त्या बाबतीत शंका म्हणून उरली नव्हती.

शिकून झाल्यावर ती घरीच काम करू लागली. अजून न बांधलेले बंगले, मंगल कार्यालयं, शोरूम कशी दिसतील याचे व्हिडिओ ती नगरच्या बिल्डरांना करून द्यायची. कॉम्प्युटर होता तो तिच्या थोरल्या भावाचा, अनीशचा. अनीश कॅनडाला गेला आणि तो डबा मागे राहिला. काम वाढलं तसा तो दमायला लागला, तेव्हा मनवाने पुण्याहून एक दणकट ग्राफिक्स कार्ड आणलं. वापरलेलं होतं, पण ताकदीचं. ते घरी आलं तेव्हा मार्तंडरावांनी ते हातात घेऊन तोललं, त्याचा कागद चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, हे एकटं बाकीच्या सगळ्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त वीज खाईल. आणि खाईल तेही एकसारखं नाही, मधूनच मोठा घास घेईल. जुना पॉवर सप्लाय, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी आतली पेटी, त्या घासाला टिकणार नाही, मान टाकेल.

मग त्यांच्या सांगण्यावरून चांगला मोठा सप्लाय मागवला. एका रविवारी हॉलमध्ये चटई अंथरून दोघं बसले. मनवाने टॉर्च धरली, त्यांनी जुना सप्लाय काढून नवा बसवला. कार्डाला दोन वायरी लागत होत्या. दोन्ही सप्लायमधून वेगवेगळ्या आणि थेट आल्या पाहिजेत, एकीलाच फाटा फोडून चालणार नाही, जोड म्हणजे तिथे गरम होणार, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. झाकण लावून बटण दाबलं, पंखे फिरले, आणि शोभाताईंनी दोघांच्या हातावर शिऱ्याच्या वाट्या ठेवल्या. त्यानंतर वर्षभर मशीनने एकदाही कुरकुर केली नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर हैदराबादच्या एका स्टुडिओने मनवाचं काम पाहिलं. सिनेमांसाठी दृश्यं बनवणारी मंडळी ती. त्यांनी परीक्षा म्हणून एक छोटा प्रसंग ठरलेल्या तारखेपर्यंत करायला सांगितला. विषय तिचा तिने निवडायचा. काम पसंत पडलं तर तिकडे नोकरी. मनवाने एक जुनी बारव निवडली. पायऱ्या उतरत जाणारं ऊन, तळाशी हलणारं पाणी, आणि एकदम उडालेले पारवे.

हे तिने जेवताना सांगितलं. मार्तंडरावांनी विचारलं, "राहायचं कुठे तिकडे?" ती म्हणाली, बघू, आधी पास तर होऊ दे. ते म्हणाले, चांगलं आहे. शोभाताईंनी न मागता तिच्या पानात भात वाढला. बस्स, एवढंच झालं. कर्जतच्या बाजूला शेतात एक बारव होती, ती मापायला बाबाच तिच्याबरोबर आले. भर उन्हात टेपचं टोक धरून ते एकेका पायरीवर उभे राहिले. परतताना गाडीवर मागे बसलेल्या मनवाला वाटलं, यांना सोडून जायचं म्हणजे अवघडच आहे.

पाण्याचे फोटो काढायला ती पुन्हा एकदा एकटीच कर्जतला गेली. सकाळी गेली, उन्हं उतरल्यावर परत आली. दुसऱ्या दिवशी तिने पहिल्यांदा तो प्रसंग रेंडरला लावला, म्हणजे रेखलेल्या आकारांचं खरं भासेल असं चित्र मशीनकडून तयार करून घ्यायला लावलं. थोडा वेळ गेला आणि कॉम्प्युटर बंद पडला. काही सूचना नाही, चूक दाखवणं नाही. पडदा काळा आणि पंखे गप्प.

तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मार्तंडराव आले, मागे वाकून पाहिलं, कॅबिनेटच्या झाकणाला हात लावून ऊब बघितली. उघडून बघतो म्हणाले. तिला आईला घेऊन दवाखान्यात जायचं होतं, ती गेली. परत आल्यावर ते म्हणाले, आत सगळं ठीक आहे, धूळ होती ती काढली. तरीही मशीन पडतच राहिलं. साधी कामं व्हायची. चित्रं उघडायची, आकार हलवता यायचे. कार्डाला खरं काम लावलं की मात्र खेळ खलास.

त्या दिवसांत मार्तंडराव तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागले. ती रेंडर लावायची तेव्हा ते वर्तमानपत्र घेऊन शेजारी, भिंतीवरच्या बोर्डाच्या बटणाला हात पोचेल असे. मनवाने एकदा म्हटलं, बाबा, तुम्ही कशाला तिष्ठत बसता, जा ना फिरायला. ते म्हणाले, असू दे, मला कुठं काय काम आहे. तिला भरून आलं होतं.

ती हात बांधून बसणारी नव्हती. इंटरनेटवर वाचून तिने एक युक्ती काढली. कार्डाला किती वीज घेऊ द्यायची यावर मर्यादा घालता येते. तिने ती जवळपास अर्ध्यावर आणली, आणि मशीन टिकलं. रखडत का होईना, पण चालत राहिलं. ती धावतच बाहेर आली आणि बाबांना म्हणाली की कार्ड चांगलं आहे, मदरबोर्डही चांगला आहे, कमी पडतेय ती वीज. आपला नवा सप्लाय बिघडला असणार. दुसरा मागवू.

मार्तंडराव उठून आत गेले. मग मीटर आणून त्यांनी खोलीतल्या प्लगमध्ये त्याच्या दोन्ही पिना खुपसल्या आणि काट्याकडे बोट दाखवलं.

"सप्लायचा दोष नाही, मनू. खांबावरून आत येणारी लाईनच जुनी झाली आहे, त्यात यंदा गल्लीभर कूलर. जोर पडला की व्होल्टेज बसतं. टाकीतच पाणी नसेल तर नळ कितीही मोठा बसव, काय उपयोग?"

काटा कुठे असायला हवा होता, हे तिला माहीत नव्हतं. तिने विचारलं नाही. लाईन बदलायला किती वेळ लागेल एवढंच विचारलं. ते म्हणाले, अर्ज करावा लागेल, उन्हाळ्यात ते लोक हात लावणार नाहीत. मग मशीनच सावेडीला मावशीकडे नेऊ का, असं तिने सुचवलं. त्यावर ते म्हणाले की इतका जुना मदरबोर्ड, रिक्षात हादरे बसले तर आहे तेही जाईल. नेटवरून बाहेरच्या भाड्याच्या मशीनवर पाठवावं, तर पारव्यांच्या पिसांनी फाईल एवढी फुगली होती की केडगावच्या नेटवर ती अर्ध्यात तुटायची. तेव्हा मनवाने अर्ध्या ताकदीवरच काम रेटलं. पारव्यांची संख्या कमी केली. पायऱ्यांवरचं ऊन जमलं. पाणी नाही जमलं. पाण्याला वेळ लागतो, आणि वेळ संपला होता. ते पाणी मेणकापडासारखं दिसत होतं. तिला ते दिसत होतं, तरीही तिने तसंच पाठवलं.

उत्तर सभ्य आलं. नजर चांगली आहे, कामात सफाई हवी, जागा दुसऱ्या कुणाला दिली आहे, शुभेच्छा.

मनवा रडली नाही. आई म्हणाली, जाऊ दे, इथं काय कमी आहे. बाबांनी त्या संध्याकाळी माळीवाड्यातून तिच्या आवडीची भेळ आणली. तिनेच ठरवलं की आता बस. या घरात हे कार्ड चालणार नसेल तर ते पडून कशाला राहायचं, गरज असेल त्याला विकून टाकावं. बिल्डरांची कामंही तिने नाकारली. तिने इंटरनेटवर जाहिरात टाकली, आणि चारच दिवसांत कोपरगावहून कल्याण नावाच्या तरुणाचा फोन आला. लग्नांच्या शूटिंगचा त्याचा धंदा होता, एडिटिंगसाठी कार्ड हवं होतं. समोर चालवून दाखवाल ना, असं त्याने आधीच विचारून घेतलं.

तो आला तेव्हा मार्तंडराव चष्मा बदलायला नगरात गेले होते. मनवाने त्याला आधीच सांगून टाकलं की आमच्या घरची लाईन कमजोर आहे, पूर्ण जोरावर मशीन बंद पडेल, कार्डाचा दोष नाही. तो हो म्हणाला, पण चेहऱ्यावर शंका होती. मशीन तिने हॉलमध्ये आणून ठेवलं होतं, ते लावून दाखवलं. मशीन पडलं. कल्याण जरा ओशाळला. एवढ्या लांबून आलोय, निदान कार्ड आतून बघू का, म्हणाला. तिने बाबांच्या पेटीतून स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.

त्याने कॅबिनेट आडवं केलं, झाकण सरकवलं, आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिला.

"ताई, ह्या सप्लायवर तुमी हे कार्ड चालवत हुता?"

मनवा म्हणाली, हो, नवा आहे, चांगला मोठा आहे.

"न्हाई ओ," तो म्हणाला, आणि बाजूला सरकला. "बघा की."

तिने पाहिलं. वरच्या कोपऱ्यात बसलेल्या त्या करड्या पेटीवर अनीशने कॉलेजात असताना चिकटवलेला क्रिकेटच्या बॅटचा स्टिकर होता, अर्धा सोलटलेला. तो सप्लाय तिने स्वतःच्या डोळ्यांनी काढलेला पाहिला होता. टॉर्च तिनेच धरली होती. त्याच्यातून निघालेल्या दोन बारक्या वायरी एका जोडात एकत्र आल्या होत्या, आणि तिथून पुढे फाटे फुटून कार्डात गेल्या होत्या. जोडाचं पांढरं प्लॅस्टिक एका कडेला पिवळट पडलं होतं. जोडावर काळी टेप गुंडाळली होती, एकावर एक अर्धी चढवत, शेवटचं टोक कात्रीने तिरपं कापून. तसं टोक या गल्लीत एकच माणूस कापायचा.

कल्याण सांगत होता की हे पेटलं कसं नाही, नशीब म्हणायचं. कार्डात काही दोष न्हाई, पोटालाच मिळालं न्हाई तर ते तरी काय करणार.  त्याच वेळी शोभाताई चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी उघडलेलं कॅबिनेट पाहिलं, मनवाकडे पाहिलं, आणि ट्रे स्टुलावर ठेवून काही न विचारता आत गेल्या.

काय झालं म्हणून आईने विचारलं नाही, हे मनवाच्या लक्षात आलं.

कल्याणला तिने सांगितलं की कार्ड विकायचं नाही, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. तो बिचारा समजूतदार होता. चहा पिऊन गेला. मग ती स्वयंपाकघरात गेली. शोभाताई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं."

शोभाताईंनी पदराने ओटा पुसला. तो स्वच्छच होता. मग त्या म्हणाल्या, बसवून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं होतं, परत पहिल्यासारखं करा. पण मग तू निघून जाशील असं वाटलं, आणि मीही गप्प बसले. अनीश गेला तेव्हा वर्षाने येतो म्हणाला होता. आता दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं का?

मनवा तिथून निघाली. हॉलमध्ये येऊन कॅबिनेटशेजारी जमिनीवर बसली. बाहेर पुण्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे आवाज येत होते. तिला एकेक आठवू लागलं. काट्याकडे दाखवलेलं बोट. रिक्षातले हादरे. उन्हाळ्यात लाईनला हात न लावणारे लोक. एकेक खोटं किती काळजीपूर्वक, किती मापून बसवलं होतं. ते पायरीपायरीवर टेप धरून उभे राहिले होते तेही आठवलं, आणि त्या दिवशी त्यांच्या मनात काय चाललं असेल हे काही केल्या तिला कळेना.

मार्तंडराव आले. दारातच त्यांना कॅबिनेट दिसलं. नवा चष्मा डोळ्यांवर होता. तो त्यांनी काढला, खिशात ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसले. नाकबूल काहीच केलं नाही.

"तू एकटी कर्जतला गेली होतीस तेव्हा बदलला," ते म्हणाले. "रोज शेजारी बसत होतो मी. तुला काही होऊ दिलं नसतं."

मनवाला वाटलं होतं की याहून वाईट आता काही ऐकायचं उरलं नाही. शेजारी टाकलेली ती खुर्ची, ते वर्तमानपत्र, बटणापर्यंत पोचणारा तो हात. ज्याला ती माया समजली होती ती राखण होती. स्वतः लावलेल्या धोक्याची राखण.

"जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं ना," ती म्हणाली.

"ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. पण मला भांडता तरी आलं असतं, बाबा. तुम्ही मला हे कळूसुद्धा दिलं नाही, की आपण भांडतोय."

 नवा सप्लाय कुठे आहे, असं तिने विचारलं. ते उठले, आतल्या खोलीतल्या ट्रंकेतून तो काढून घेऊन आले. जुन्या टॉवेलात गुंडाळला होता, वायरींची नीट वेटोळी केली होती. टाकून द्यायला, विकून टाकायला त्यांचा हात धजला नव्हता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलायला हात पुढे केला. मनवाने तो आधीच आपल्याकडे ओढून घेतला होता.

तिने मोबाईलवर चित्रं बघत बघत जुना सप्लाय सोडवला. टेप लावलेला तो जोड काढून बाजूला ठेवला. एक पिन उलटी घालत होती, तेव्हा दारातून बाबा म्हणाले, "ती कड वरच्या..." तिने मान वर करून पाहिलं, आणि ते थांबले. नंतर आत जाऊन बसले. दोन वायरी तिने वेगवेगळ्या, थेट कार्डात बसवल्या. कसं बसवायचं हे त्यांनीच शिकवलेलं होतं, त्याला इलाज नव्हता.

बटण दाबलं. मर्यादा काढून टाकली. बारव पुन्हा लावली, सगळ्या पारव्यांसकट. त्याच घरात, त्याच लाईनवर मशीन एकसुरात गुरगुरत राहिलं आणि एकदाही पडलं नाही. दिवेलागणीच्या आधी पाणी पडद्यावर आलं. खरं पाणी, तळाशी काळसर, वर उन्हाची थरथरती जाळी. तिने ते पुनःपुन्हा चालवून पाहिलं. चांगलं झालं होतं. ते कुणालाच नको होतं.

तरी तिने ते हैदराबादला पाठवलं, काही कारण न सांगता. वडिलांनी वीज तोडली असं कुठल्या तोंडाने लिहायचं? उत्तर आलं की फार सुंदर आहे, पुढे कधी जागा निघाली तर जरूर विचार करू.

अनीशचा कॅनडाहून फोन आला. आईने त्याला सांगितलं असावं. तो म्हणाला, बाबांचं वय झालंय, घाबरले असतील, तू समजून घे. मनवा म्हणाली, तू गेलास तेव्हा त्यांनी तुझी बॅग भरून दिली होती. घाबरले ते माझ्या वेळी. 

महिन्याभरात तिने सावेडीत एक खोली घेतली. नगरातच, घरापासून काही फार लांब नाही. बिल्डरांची कामं पुन्हा धरली. नातेवाईकांना नवल वाटलं. गावात घर असताना मुलगी भाड्याने का राहते? शोभाताई सांगायच्या, कामाला शांतता लागते तिला. मशीन न्यायला मनवाने टेम्पो बोलावला. कॅबिनेट तिने स्वतः मांडीवर धरून नेलं. कुठला हादरा बसला नाही. निघताना मार्तंडराव फाटकाशी उभे होते. टेम्पोवाल्याला त्यांनी सावकाश चालव म्हणून सांगितलं. 

रविवारी ती घरी जाते. जेवते, आईला भाजी निवडू लागते, बाबांच्या गुडघ्याची चौकशी करते. एकदा त्यांच्या हॉलमधला पंखा घरघरत होता. ते स्टुलावर चढून तो उघडत होते, आणि सवयीने म्हणाले, मनू, टॉर्च धर. तिने धरली. पण काम होईपर्यंत ती वर, त्यांच्या हातांकडे बघत होती. ते काय कशाला जोडतात ते नीट बघत होती. मार्तंडरावांच्या ते लक्षात आलं. त्यांनी घाईने झाकण लावलं आणि खाली उतरले.

त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आधी पाऊसपाण्याचं बोलले, मग मावशीच्या मोतीबिंदूचं. मग म्हणाले, तिकडे खोलीत अर्थिंग बरोबर आहे का, जुन्या इमारतींत बऱ्याचदा नुसती पिन असते, मागे काही नसतं. एवढं मोठं कार्ड आहे, काळजी वाटते. येऊन बघून जाऊ का?

"बघून घेतलं मी," मनवा म्हणाली.

"कुणाकडून?"

"आहे एक वायरमन इथला."

"बरोबर तपासलं का त्याने? मीटर लावून?"

"मी समोर उभी होते, बाबा. काटा कुठे असायला हवा, ते आधी विचारून घेतलं."

 मग ते म्हणाले, बरं, आणि आईकडे फोन दिला.